मॅडमच्या अंबाड्यातली पेन्सिल

समस्त जळगावकर, धुळेकर आणि मधल्या थांब्यांवर एसटीची वाट बघत ताटकळलेले सज्जनहो! पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता आणि दोन साक्षीदार हयात असताना मी पुढील गंभीर घोषणा करत आहे. मी, म्हणजे चौधरी, एकदा भर सभेत, समोर माणसं बसलेली असताना, सलग एक्केचाळीस सेकंद गप्प बसलो होतो.

हसू नका. मला ओळखणाऱ्यांपैकी एकानंही यावर अजून विश्वास ठेवलेला नाही. ठिबकच्या नळ्या विकणं हा माझा दिवसाचा धंदा. पण साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं, शाळांची स्नेहसंमेलनं, जिथे माईक असेल तिथे मी सूत्रसंचालक. पाहुणे येईपर्यंत तास-दीड तास निव्वळ हवेवर काढलेला माणूस आहे मी. दोन वाक्यांमध्ये जरा जागा राहिली की मी तिथे एक शेर ठोकतो. लहानपणी आमची अक्का जेवायला वाढता वाढता ओरडायची, “बठ्ठं तूच बोलशी का रे? घास तरी गिळ!” (बठ्ठं म्हणजे सगळंच, बाहेरगावच्यांसाठी सांगतो.)

अशा माणसाला गप्प बसवणारी बाई कशी असेल? तुमच्या डोळ्यांसमोर कुणी धिप्पाड, करड्या आवाजाची, छडीवाली उभी राहिली असेल. तायडे मॅडम पाच फुटांच्या आत होत्या. आवाज इतका हळू, की पंखा चालू असला तर पहिल्या बाकावरच्यांनाही पुढे झुकावं लागे. आणि छडी नव्हती. अंबाड्यात खोचलेली एक पेन्सिल होती. ती पेन्सिल बाहेर आली की अख्खा वर्ग सावरून बसायचा. छडीची भीती बरी, ती एकदा लागली की संपते.

झालं असं, की पंचेचाळिशी उलटल्यावर मला शिक्षणाचा उमाळा आला. जळगावातल्या एका कॉलेजात दर रविवारी ग्रामविकासाची पदविका शिकवत. आमच्या दुकानाचे शेठ म्हणाले, “चौधरी, खेड्यापाड्यात फिरायचं तर हातात एक कागद असू द्या.” मी नाव घातलं. वर्गात सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं, त्यांच्यात मी. पहिल्याच दिवशी कुणीतरी मला सर समजून उठून उभं राहिलं, आणि मी खुशाल हातानं ‘बसा, बसा’ केलं.

तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या. आल्या त्या थेट खिडकीपाशी गेल्या. एक स्टूल ओढलं, आमच्याकडे पाठ नाही आणि तोंडही नाही, अशा तिरक्या बसल्या. उजव्या पायातली चप्पल काढली. ती चप्पल आणि तो पाय यांचं कधी जमलंच नाही. तास संपेपर्यंत पाय ती शोधायचा, सापडली की पुन्हा ढकलून द्यायचा. बाईंचं सगळंच अस्वस्थ. स्टूल हलवायच्या, खिडकी उघडायच्या, लावायच्या, परत उघडायच्या. एका जागी राहायचे ते फक्त डोळे.

आणि ते डोळे बोलणाऱ्याकडे कधीच नसत! ही त्यांची जगावेगळी पद्धत. गटानं सादरीकरण करायचं. तिघं-चौघं पुढे उभे राहणार. एक बोलणार, बाकीचे पाळीची वाट बघणार. मॅडम बघायच्या त्या बाकीच्यांकडे.

“बोलणाऱ्याला सगळा वर्ग बघतो,” त्या म्हणायच्या, “न बोलणाऱ्याला कोण बघणार?”

एकदा आमच्या गटातल्या कल्पेशनं आपला भाग झोकात संपवला आणि मागे जाऊन भिंतीला टेकला. मॅडमनी पेन्सिल काढली. “कल्पेश, तुमचं बोलणं चांगलं झालं. त्यानंतर तुम्ही तीनदा घड्याळ बघितलं, एकदा बुटाची नाडी, आणि एकदा तिसऱ्या बाकाकडे बघून हसलात. तुमच्या गटातली मैत्रीण तेव्हा बोलत होती. ती काय बोलली, सांगता?” कल्पेशनं पुन्हा बुटाच्या नाडीकडे बघितलं. त्याचे गुण तिथेच निम्मे झाले. त्या दिवसापासून कल्पेश दुसऱ्याचं बोलणं असं डोळे फाडून ऐकायचा, की बोलणारा घाबरायचा.

आमच्या गटात तिघं : मी, कल्पेश आणि सुमित्रा पावरा. सुमित्रा चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. दर रविवारी दोन गाड्या बदलून यायची. दिसायला गरीब, पण तशी नव्हती. कल्पेश एकदा तिला म्हणाला, “तुझ्या गावाला रेंज नसेल ना?” तर ती म्हणाली, “आहे ना. झाडावर चढावं लागतं. तू ये, तुला चढवते.”

तिच्याच भागात काम करणाऱ्या एका संस्थेनं तिला नोकरीला घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच, पदविका त्याच वर्षी हातात पाहिजे. नाहीतर जागा दुसऱ्याला. हे तिनं आम्हाला एकदाच सांगितलं, आणि ते माझ्या नीट लक्षात होतं. म्हणजे पुढे जे केलं ते माहीत नसताना केलं, असं म्हणायचीही मला सोय नाही.

आमचा विषय होता मोहफुलं वेचणाऱ्या कुटुंबांचा. माहिती सगळी सुमित्राची. मी तिच्या पाड्यावर एकदा मोटारसायकलनं जाऊन, भाकरी आणि तिखटजाळ चटणी खाऊन आलो होतो. तेवढ्या भांडवलावर मी प्रस्तावना ठोकली. टाळ्या! कल्पेशनं तक्ते दाखवले. मग सुमित्रा. तिनं चार वाक्यं सांगितली, सावकाश, एकेक वाक्य जमिनीवर ठेवल्यासारखं. तेवढ्यात मागून एका मुलानं विचारलं, “पण मोहाचं झाड असतं कुणाचं?”

सुमित्रा थांबली.

एक. दोन. तीन. वर्ग तिच्याकडे बघतोय. चार. मी कॉलर नीट केली. पाच. अरे, बोल ना पोरी! सहा. माझ्या डोळ्यांपुढे तिची नोकरी निसटून चाललेली दिसायला लागली. सात… आणि मी एक पाऊल पुढे टाकलं, हात पसरले आणि म्हणालो, “मित्रहो! झाड निसर्गाचं, आणि निसर्ग सर्वांचा!”

काय टाळ्या पडल्या म्हणता! एकानं तर शिट्टी घातली. सुमित्रानं उघडलेलं तोंड मिटलं आणि जागेवर जाऊन बसली. मी तिच्याकडे बघून मान हलवली, ‘काळजी नको, भाऊ आहे ना’ अशी. मला वाटलं, पोरीला वाचवलं. घरी जाताना मी मेहरूणच्या कोपऱ्यावर स्वतःला एक उसाचा रससुद्धा पाजला.

दुसऱ्या रविवारी गुण लागले. कल्पेशला बरे, मला बरे. सुमित्राला शून्य.

मी तावातावानं मॅडमकडे गेलो. “मॅडम, हा अन्याय आहे. सगळी माहिती तिची.”

“असेल. मी ऐकली नाही,” मॅडम म्हणाल्या. “ऐकायला मिळालंच नाही त्याला गुण कसे देऊ?”

“पण ती अडकली होती, म्हणून मी…”

पेन्सिल बाहेर आली. “चौधरी, एक पान लिहून आणा. त्या दिवशी तुम्ही काय केलंत. एकच पान, दुसऱ्या कुणाचं नाही, तुमचं.”

आता पान लिहिणं म्हणजे मला काय! त्याच दुपारी लिहिलं. ‘वक्तृत्व ही एक साधना आहे’ अशी सुरुवात. मॅडमनी ते वाचलं आणि खाली पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला : ‘भाषण.’ ही त्यांची दुसरी खोड. नापास झालेल्या पानावर कधी दुसरा शब्द नाही. चूक काय, सुधारायची कशी, काही नाही. एक शब्द, टिंब, पान परत.

दुसरं पान मी जरा नम्रपणे लिहिलं. वेळ कमी होता, वर्ग अधीर झाला होता, गटाची जबाबदारी वयानं माझ्यावर येत होती. खाली शब्द आला : ‘कारणं.’ तिसऱ्यात मी स्वतःला चांगलं झोडपलं, अगदी डोळ्यांत पाणी येईल असं. शब्द आला : ‘रडगाणं.’ चौथ्यावर, ‘पुन्हा भाषण.’ हे दोन शब्द झाले, पण मला त्यात काही आनंद वाटला नाही.

माझी झोप उडाली, धंद्यात लक्ष लागेना. गिऱ्हाईक नळीचा व्यास विचारायचं आणि मी विचार करत उभा : नक्की काय केलं मी? बायको म्हणाली, “एवढे तर तुम्ही आपल्या लग्नाआधी पण अस्वस्थ नव्हतात.”

पाचवं पान घेऊन मी मॅडमना संध्याकाळी मेहरूणच्या तलावावर गाठलं. ‘गाठलं’ हा शब्द मोठा आहे, पाठलाग केला म्हणा. त्या रोज तलावाच्या काठानं चालायच्या, आणि काय चालायच्या! वाटेत कुणी नमस्कार केला तर तो झेलत पुढे. कानाला फोन, फोनवर पहूरची बहीण. आमच्याशी कागदासारखं स्वच्छ मराठी बोलणाऱ्या मॅडम बहिणीशी बोलायला लागल्या की वेगळीच बाई ऐकू यायची, मोठ्यानं हसणारी, ‘काय व माय’ करणारी. मी मागून धापा टाकत, हातात पान फडफडत. त्यांनी फोन ठेवला, पान घेतलं आणि चालता चालताच वाचलं.

“यात लिहिलंय, सुमित्रा घाबरली.”

“हो… घाबरली… होती…” मला दम लागलेला.

“तिला विचारलंत?”

मी थांबलो. त्या थांबल्या नाहीत. वीस पावलं पुढे जाऊन त्यांनी पान वर धरलं, मला दिसेल असं, आणि पुढे चालत राहिल्या. ते पान घ्यायला मला पळावं लागलं. या वेळी त्यावर शब्दही नव्हता.

पुढच्या रविवारी मी सुमित्राला कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि विचारलं. ती बराच वेळ कपात बघत राहिली. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

“भाऊ,” ती शेवटी म्हणाली, “मला आधी आमच्या पावरी बोलीत सुचतं. मग ते मी मराठीत आणते. मध्ये रस्ता आहे. तुम्हाला वाटतं मी अडकले. मी अडकलेली नसते. मी येत असते.”

मी टेबलाची कड सोडली.

आता सुमित्राला वाचवायला एकच गोष्ट उरली होती, धुळ्याची तोंडी परीक्षा. तिथल्या केंद्रावर बाहेरचे दोन परीक्षक. हाच विषय, हाच गट. तिथे तिला चांगले गुण पडले तर शून्य भरून निघणार होतं. नाहीतर वर्ष गेलं आणि नोकरी गेली. आमचं मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना हॉलमध्ये मागे बसायची मुभा होती, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नियम.

मॅडमनी तालमी सुरू केल्या. कसल्या तालमी! सुमित्राला त्यांनी काही शिकवलं नाही. शिकवलं मला. पहिल्या दिवशी पर्समधून डबी काढली, डबीतून एक लवंग.

“पुढच्या दातांत धरा. सुमित्रा बोलत असेल तोवर. चावायची नाही. तोंड उघडलंत की पडेल.”

पहिल्या तालमीत माझ्या चार लवंगा पडल्या, दुसरीत तीन. कल्पेश त्या मोजायचा आणि दर वेळी म्हणायचा, “भाऊ, मसालेभात होईल आता.” सुमित्रा एकदा थांबली, मी डोळे गच्च मिटले, तर मॅडम म्हणाल्या, “डोळे उघडा. तिच्याकडे बघा. ती येतेय ना, मग दाराकडे बघायला नको?”

मी त्यांना एकदा विचारलं, की तुम्हाला हे न बोलणाऱ्यांचं वेड कुठून लागलं? त्यांनी चप्पल पायानं दूर ढकलली आणि म्हणाल्या, “आमच्या घरी आम्ही सात भावंडं. मी शेवटची. माझी बोलायची पाळी येईपर्यंत जेवणं व्हायची.” एवढंच. त्याहून जास्त चरित्र माझ्याकडे नाही.

धुळ्याला आम्ही चौघं सकाळच्या गाडीनं गेलो. मॅडमनी वाटेत तीनदा जागा बदलली, खिडकीची काच पाचदा वर-खाली केली. हॉलमध्ये त्या मागच्या भिंतीशी बसल्या, सवयीनं तिरक्या. मी लवंग दातांत धरली.

माझी प्रस्तावना लवंगेआधी उरकली होती. आयुष्यातली सर्वांत छोटी, तीन वाक्यांची. कल्पेशचे तक्ते झाले. सुमित्रा उठली, सावकाश बोलली, छान बोलली. आणि परीक्षकांपैकी चष्मेवाल्या बाईंनी वही बाजूला सारून विचारलं, “पण मला सांगा, मोहाचं झाड असतं कुणाचं?”

देवा रे. तोच प्रश्न!

सुमित्रा थांबली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. पाच. दहा. दुसरे परीक्षक पेन टकटक करायला लागले. पंधरा. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला. वीस. चष्मेवाल्या बाईंनी घड्याळ बघितलं. माझ्या घशात ‘निसर्गाचं’ हा शब्द उड्या मारत होता. तीस. लवंग दातांत थरथरतेय. तिचे ओठ हलतायत, आवाज नाही. येतेय, ती येतेय, मी मनात म्हणतोय, रस्त्यात आहे. पस्तीस. चाळीस…

“बोल ना व माय!”

ओरडणारा मी नव्हतो! मागची भिंत ओरडली होती. तायडे मॅडम उभ्या होत्या, एका पायात चप्पल नाही, दोन्ही हात पुढे, आणि आवाज असा, की बाहेरच्या व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. माझा जबडा उघडला आणि लवंग पडली. एक्केचाळीस सेकंद. कल्पेशनं भिंतीवरच्या घड्याळात मोजले होते.

चष्मेवाल्या बाई कडक आवाजात म्हणाल्या, “मॅडम! तुम्ही बोलायचं नाहीये. असं असेल तर याचे गुण…”

सुमित्रानं मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त एक हात वर केला. “थांबा मॅडम,” ती म्हणाली, “येतेय मी.”

आणि आली.

“झाड कागदावर कुणाचंच नाही,” ती परीक्षकांना म्हणाली. “पण आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. फुलं पडायच्या आधी ज्या घरची बाई झाडाखालचा पाला काढून जमीन साफ करते, त्या हंगामाला ते झाड त्या घराचं. दुसरं कुणी तिथलं एक फूल उचलत नाही. एखादी म्हातारी असेल, एकटी असेल, तिला होत नसेल, तर बाकीच्या बायका जाऊन तिची जागा साफ करून देतात.” इथे ती पुन्हा थांबली, या वेळी हॉलमध्ये कुणीही हललं नाही. “पण फुलं तिचीच. साफ केलं म्हणून कुणी फुलं घेऊन जात नाही.”

चष्मेवाल्या बाईंनी वही परत ओढून घेतली आणि लिहायला लागल्या. दुसऱ्यांनी पेन टकटकवणं थांबवून विचारलं, “आणि कुणी उचललीच, तर?” सुमित्रा म्हणाली, “तर त्याला सगळे बघतात. बोलत नाही कुणी. नुसते बघतात.”

मी जमिनीवरची लवंग बघत होतो.

पास झाली हो! उत्तम पास झाली. आता ती त्याच संस्थेत आहे, तिच्याच भागात. माझे गुण विचारू नका, प्रस्तावना फारच आखूड झाली होती.

पण मॅडमचं राहिलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, धुळ्याच्या बसस्टँडवर. त्यांना पुढे साक्रीला एका लग्नाला जायचं होतं, सुमित्राला चोपड्याकडे, आम्हाला जळगावला. नंतर त्या निवृत्त झाल्या, लेकीकडे लांब राहायला गेल्या. फोनवर भेटतात, पण फोनवर चप्पल दिसत नाही. तर त्या दुपारी बाकावर आम्ही चौघं. मी खिशातून सहावं पान काढून त्यांना दिलं. त्यावर दोनच ओळी होत्या : ‘मला शांतता सहन झाली नाही. म्हणून मी तिचं उत्तर घेतलं, आणि ते चुकीचं होतं.’ मॅडमनी वाचलं. हात अंबाड्याकडे गेला, पेन्सिल निघाली, आणि काहीच न लिहिता परत खोचली गेली. पान घडी होऊन पर्समध्ये गेलं. पुढे पदविका हातात आली तेव्हाही मला तेवढा आनंद झाला नाही.

मग त्या म्हणाल्या, “चौधरी, एक कोरं पान द्या.”

आणि तिथेच, मांडीवर पर्स ठेवून, त्या लिहायला लागल्या. समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, माईकवरून गावांची नावं घोषित होत होती (वाईट सूत्रसंचालन, पण ते असो), आणि आयुष्यभर दुसऱ्यांना पानं लिहायला लावणारी बाई स्वतःचं पान लिहीत होती, हॉलमधल्या त्या ओरडण्याचं. खोडत होती, परत लिहीत होती. पूर्ण पान भरलं. ते त्यांनी सुमित्राच्या हातात ठेवलं आणि वर पेन्सिलही.

“तपास हे,” म्हणाल्या.

सुमित्रा वाचायला लागली. सावकाश. एकदा वाचून झालं, तरी बघतच राहिली. साक्रीची गाडी लागली. कंडक्टर ओरडला. मॅडम उठल्या, बसल्या, उठल्या. पाय चप्पल शोधत होता आणि चप्पल बाकाखाली पार लांब गेली होती. कल्पेशनं माझ्याकडे बघितलं, मी कल्पेशकडे. आम्ही दोघंही तोंड उघडायला तयार नव्हतो. कंडक्टरनं घंटी मारली. मॅडम एका पायावर उभ्या, पर्स छातीशी धरून, वर्गात कधी कुणाकडे बघितलं नसेल इतक्या काकुळतीनं सुमित्राकडे बघत होत्या.

सुमित्रानं मान वर केली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं :

“मॅडम, ही तर नुसती कारणं आहेत!”